पैसे घेण्यापलीकडे क्यूआर कोडचं तुम्ही काय काय करता?

मेतकूट

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. लोकमान्य नगरात घरीच मेतकूट, थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी आणि गोडा मसाला करून विकते. गिऱ्हाईक बहुतेक आपलीच मराठी घरं, इथली आणि देवास-भोपाळकडची. आता नवी पाकिटं छापायची आहेत. छापखान्यातला मुलगा म्हणाला, "काकू, मागे जागा रिकामी आहे, क्यूआर टाकू का?" टाक म्हणायला काय जातंय, पण त्यातून उघडणार काय?

पैशांचा कोड दाराला चिकटवलेला आहे, तो विषय नको. मला रोज फोन येतात ते असे: भाजणी भिजवायला पाणी गरम की गार, उपासाच्या भाजणीत नेमकं काय काय आहे, चार माणसांच्या आमटीला मसाला किती, पुढची खेप कधी. नवीन लग्न झालेल्या मुली तर तवा तापत ठेवून फोन करतात. हे काम त्या चौकोनाकडून करून घेता येईल का? आणि तुम्ही दुकानात, घरात, सोसायटीत, मंडळात त्याचा कसा उपयोग केलाय? रील्समध्ये बघितलेलं नको. स्वतः केलेलं किंवा डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

पीथमपूरकर

मेतकूटताई, विषय माझ्या जिव्हाळ्याचा. उभी नोकरी इंदूरजवळच्या पीथमपूरला गाड्यांच्या सुट्या भागांत गेली आणि हा कोड जन्मला तोही तसल्याच कारखान्यासाठी.

१९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो तयार केला. डेन्सो म्हणजे टोयोटाला भाग पुरवणारी. त्याआधी साधे बारकोड होते, एकात वीसेक अक्षरं मावायची. मग एकाच खोक्यावर रांगेनं बारकोड चिकटवायचे आणि कामगारानं दिवसभर ते एकेक करून टिपत बसायचं. हारांना जास्त माहिती हवी होती, ती झटकन वाचली जायला हवी होती आणि वर तेलाचा हात लागला तरी चालायला हवं होतं. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या गो खेळाच्या पटावरून त्यांना आडवी-उभी मांडणी सुचली.

तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन आहेत ना, खरी गंमत त्यांची आहे. त्यांच्या मध्यातून कुठल्याही दिशेनं सरळ रेघ मारा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं यांचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. पत्रकं, मासिकं, खोकी असं ढीगभर छापील साहित्य तपासून, जे प्रमाण सगळ्यात क्वचित आढळतं ते निवडलं. म्हणून आजूबाजूला कितीही मजकूर असला तरी कॅमेरा कोड नेमका हुडकतो, उलटा-तिरका धरला तरी. पेटंट कंपनीनं घेतलं, पण प्रमाणित कोड वापरणाऱ्यांकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं. २००० साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. तुमच्या पाकिटावर तो फुकटात छापता येतोय तो त्यामुळे.

आता कामाचं. आमच्याकडे प्रत्येक कॉम्प्रेसरवर कोड होता. टिपला की त्या यंत्राचं शेवटचं तेल कधी बदललं, फिल्टर कुठला लागतो, बिघडलं तर कुणाला हाक मारायची, सगळं समोर. तोच कागद ऑफिसातल्या फायलीतही होता, पण ऑफिसपर्यंत कोण जातो? जिथे उभं असताना प्रश्न पडतो, तिथेच कोड हवा. तुमच्या गिऱ्हाइकाला प्रश्न तव्याजवळ पडतो. पाकीट तिथेच हातात असतं. तेव्हा जागा बरोबर आहे, आता उत्तर तेवढं नीट लिहा.

शाईचे डाग

छापखानेवाला म्हणून चार गोष्टी. डिझायनर लोक ऐकत नाहीत, निदान तुम्ही ऐका.

कोडाभोवती चारही बाजूंनी रिकामी पांढरी पट्टी सोडायची, कोडातल्या चार ठिपक्यांएवढी रुंद. तिथे वेलबुट्टी काढली की वाचन अडकतं. ठिपके गडद, मागची बाजू फिकी. उलटं केलं, म्हणजे काळ्यावर पांढरा कोड, तर बरीच जुनी अ‍ॅप्स तो ओळखत नाहीत. लग्नपत्रिकेत लाल कागदावर सोनेरी कोड मागणारे यजमान महिन्याला भेटतात. सोनेरी शाई दिव्याखाली चमकते आणि कॅमेऱ्याला नुसता उजेड दिसतो.

आकाराचा ठोकताळा: जितक्या लांबून टिपणार त्याचा दहावा भाग. हातात धरायच्या पाकिटावर दोन-अडीच सेंटिमीटर पुरतो. मंडपाच्या कमानीवर लावायचा आणि लोक वीस फुटांवर उभे, तर दोन फुटी कोड हवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून कोडाचा फोटो पाठवू नका, कडा फुटतात. मूळ फाइल मेलवर पाठवा, कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी. पारदर्शक पिशवीवर छापणार असाल तर कोडाखाली आधी पांढऱ्या शाईचा ठोकळा हवा, नाहीतर आतली पिवळी भाजणी हीच मागची बाजू होऊन बसते. चकचकीत लॅमिनेशनपेक्षा मॅट बरं.

मधोमध लोगो घालता येतो. कोडात दुरुस्तीसाठी जादा माहिती भरलेली असते, सीडीवर ओरखडा असला तरी गाणं वाजायचं तीच रीड-सोलोमन पद्धत. चार पातळ्या आहेत: ७, १५, २५ आणि ३० टक्के. सगळ्यात वरच्या पातळीवर साधारण ३० टक्के भाग झाकला गेला तरी वाचता येतो. पण कोपऱ्यातले चौकोन झाकले तर ही सवलत नाही, कारण कोड आहे कुठे हेच मग कॅमेऱ्याला कळत नाही.

टपोरी_मोगरा

मेतकूटताई, छापण्याआधी हे वाचाच. आमचं सुदामा नगरात छोटं बुटीक आहे. एका फुकट वेबसाइटवरून कोड बनवला, छान रंगीत. पत्रकं वाटली, पिशव्या छापल्या. दोन आठवडे झकास चाललं. मग गिऱ्हाइकं सांगायला लागली की टिपल्यावर 'हा कोड बंद आहे, चालू करायला पैसे भरा' असं येतंय. पैसेही महिन्याच्या महिन्याला. पिशव्यांचा गठ्ठा अजून माळ्यावर आहे. फुकट शब्द मोठ्या अक्षरात, मुदत कुठेतरी तळाशी. ही सरळसरळ लूट आहे.

गल्लीतला_कोडर

मोगराताई, तुमच्या बाबतीत झालं ते फार ठिकाणी होतं, म्हणून नीट सांगतो.

कोडाला स्वतःची मुदत नसते. काळे-पांढरे ठिपके म्हणजे नुसता मजकूर, छापलेला कागद टिकेल तोवर तो तेच सांगणार. पण या वेबसाइटी तुमचा पत्ता कोडात घालतच नाहीत. स्वतःचा छोटा पत्ता घालतात आणि तिथून तुमच्याकडे वळवतात. याला डायनॅमिक कोड म्हणतात. फायदा असा की छापल्यावरही मुक्काम बदलता येतो, कितीजणांनी टिपला तेही कळतं. तोटा असा की मधल्या दाराची किल्ली त्यांच्याकडे.

उपाय सोपा. स्वतःच्या नावाचा डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या, वर्षाला हजाराच्या आसपास पडतो. कोडात तोच पत्ता घाला. पुढे पान कुठेही हलवा, वळवायचं तुमच्या हातात. एवढंही नको असेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कोड आयता मिळतो, टिपला की तुमच्याशी गप्पांची खिडकी उघडते आणि त्यात आधीच लिहिलेला निरोपही ठेवता येतो. 'पुढच्या खेपेचं कळवा' हा निरोप भरून ठेवा, गिऱ्हाइकानं फक्त पाठवायचं.

कोड बनवून हाती आला की तो आपल्याच फोननं टिपायचा आणि कुठला पत्ता दिसतोय ते वाचायचं. आपला नसेल तर छापायला द्यायचा नाही.

चहा_आणि_चकली

वाचनखूण साठवली.

चष्मेबहाद्दर

माझं विरोधी मत नोंदवून ठेवा. परवा नातवानं एका कॅफेत नेलं. टेबलावर मेनू नाही, एक चौकोन. तो टिपा, मग नंबर द्या, मग जाहिरात बंद करा, मग तळहाताएवढ्या पडद्यावर बोटानं मोठं करत करत 'सँडविच' शोधा. आमच्या छप्पन दुकानला, इंदूरच्या खाऊगल्लीत, भिंतीवर पाटी असते, भिया, मान वर केली की भाव दिसतात. कागदाची जागा घेणारा कोड म्हणजे मालकाचा छापाईचा खर्च वाचवून गिऱ्हाइकाला कामाला लावणं. हलके घ्या, पण खोटं नाही.

पीथमपूरकर

चष्मेबहाद्दर, अनुमोदन. पाटी हवीच. कोड पाटीला जोड म्हणून.

निवृत्त मास्तर

शिक्षणातलं उदाहरण कुणीच दिलं नाही म्हणून लिहितो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात ना? पाठ्यपुस्तकात धड्याशेजारी क्यूआर कोड, तो टिपला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. या कामासाठी २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पुढे महाराष्ट्राच्या पुस्तकांत कोड आले, एनसीईआरटीच्या पुस्तकांतही दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलचे आले.

ते पाहून मी आमच्या कॉलनीच्या गणपतीत एक गोष्ट केली. इथल्या मुलांना देवनागरी येते, पण आरत्या पाठ नाहीत. दुसऱ्या कडव्याला नुसते ओठ हलवतात. म्हणून मांडवात कोड लावायचा ठरवला. मला वाटलं, इंटरनेट कशाला, 'सुखकर्ता' थेट कोडातच भरू. शेजारच्या इंजिनिअर मुलीनं हिशोब करून दाखवला. एका कोडात जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला १ बाइट, देवनागरीत मात्र अक्षर, काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकाला ३. म्हणजे जेमतेम ९८० चिन्हं. तीन कडव्यांची आरती बसते, पण कोड असा गच्च होतो की रवा सांडल्यासारखा दिसतो आणि मांडवातल्या झगमगाटात कुणाचाच फोन तो वाचत नाही. शेवटी साधं वेबपान केलं, मोठ्या टाइपात सगळ्या आरत्या, आणि कोडात फक्त छोटा पत्ता. कोड सुटसुटीत झाला आणि 'घालीन लोटांगण'पर्यंत पोरं खणखणीत म्हणू लागली.

पत्रिका_तज्ज्ञ

मास्तर, तुमचं मांडवाचं झालं, आता लग्नाच्या मांडवाचं. पत्रिकेवर कार्यालयाच्या नकाशाचा कोड हा अलीकडचा सगळ्यात उपयोगी शोध. 'पेट्रोल पंपापासून दुसरं वळण, निंबाच्या झाडाखालून' हे सगळं वाचलं. पण नुकतीच एक पत्रिका आली. खाली 'कृपया आहेर आणू नये' आणि त्याच्याही खाली यूपीआयचा कोड.

चहा_आणि_चकली

आणू नये म्हटलंय, पाठवू नये कुठे म्हटलंय? :)

ग्वाल्हेरची_तानपुरी

ग्वाल्हेरहून लिहितेय. माझ्या मुलीच्या गाण्याच्या वहीत प्रत्येक बंदिशीच्या पानावर छोटा कोड चिकटवलेला आहे. ताईंनी शिकवताना गायलेली अस्ताई आणि अंतरा त्यांच्या परवानगीनं फोनवर रेकॉर्ड केला, ड्राइव्हवर ठेवला, त्याचा कोड घरच्याच प्रिंटरवर स्टिकर कागदावर छापला. पूर्वी 'आई, भूपाची ती कुठली चीज होती' म्हणून पन्नास रेकॉर्डिंगं धुंडाळायची. आता पान उघडलं, टिपलं, लागलं. वहीत स्वरलिपी असतेच, पण मींड काही कागदावर उतरत नाही.

दुवा फक्त क्लासमधल्या मुलींनाच उघडेल असा ठेवलाय. ताईंचा आवाज गावभर फिरायला नको.

सराफ्याचा_रात्रपक्षी

कोडाची सराफ्यातली कथा ऐका. बाहेरच्यांसाठी: इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री शटरं पडली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं. आता शटरच्या चौकटीवर सराफाचा कोड कायमचा चिकटलेला आणि पुढ्यात गराडूवाल्याचा (गराडू म्हणजे तळलेला कंद), कढईमागच्या दांडीला टांगलेला, तेलाच्या वाफेनं पिवळा पडलेला. आमच्या मित्राचा फोन तो पिवळा कोड काही पकडेना, मागचा स्वच्छ कोड मात्र चटकन पकडला. गराडूचे पैसे सराफाच्या खात्यात. सराफ भला माणूस, दुसऱ्या दिवशी परत केले, वर 'एवढ्यात आमच्याकडे काही येत नाही हो' असंही ऐकवलं.

हसण्यावारी गेलं, पण यातूनच चोरांनाही सुचतं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात खजुराहोला रात्रीत दुकानांबाहेरचे कोड बदलून टाकले होते. गिऱ्हाईक पैसे देतंय, दुकानदार हो म्हणतोय आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यात. म्हणून सकाळी दुकान उघडलं की कोडावरून अंगठा फिरवायचा. स्टिकरवर स्टिकर असेल तर कड लागते. पैसे आल्याचं बोलणारा डबा असेल तर त्याचं ऐकल्याशिवाय माल द्यायचा नाही. आणि गिऱ्हाइकानं नाव वाचायचं. ३० जून २०२५ पासून अ‍ॅपनं बँकेत नोंदवलेलं खरं नावच दाखवायचं असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियम आहे, कुणी 'राजा चाटवाला' असं मनाचं नाव ठेवलं असलं तरी.

आणखी एक, घरातल्या मोठ्यांना दहा वेळा सांगा: पैसे घ्यायला कोड टिपावा लागत नाही, पिनही घालावा लागत नाही. जुना सोफा विकायला काढला की 'कोड पाठवतो, टिपा, पैसे येतील' म्हणणारा भेटतोच.

गोळी_पुडी

औषधाच्या दुकानात असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे. टिपलं की औषधाचं मूळ नाव, ब्रँड, कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, परवाना क्रमांक. काउंटरवर उभं राहून सांगतो, हे टिपणारं गिऱ्हाईक क्वचित. पण जो टिपतो त्यानं एक जरूर करावं: पडद्यावरचा बॅच नंबर आणि पट्टीवर छापलेला बॅच नंबर जुळवून बघावा. कारण कोडाचा फोटो काढून दुसऱ्या खोक्यावर छापायला कुणाला अडवणार?

म्हणून 'आमच्या मालावर क्यूआर आहे, म्हणजे अस्सल आहे' असं जे मसालेवाले, तूपवाले सांगतात त्यावर माझा विश्वास नाही. सगळ्या पाकिटांवर एकच कोड असेल तर तो फक्त दुवा. अस्सलपणा सिद्ध करायचा तर एकतर प्रत्येक नगाला वेगळा कोड हवा, नाहीतर आतल्या माहितीवर डिजिटल सही हवी. आधारवरच्या कोडात अशी सही असते. कुणी आतलं एक अक्षर बदललं तरी पडताळणीत पकडलं जातं, तेही इंटरनेटशिवाय. लसीच्या प्रमाणपत्रावरचा कोडही सहीवालाच होता.

मेतकूट

बापरे, दोन दिवस भाजणीच्या गडबडीत होते, इकडे केवढं लिहिलंत! गोळी_पुडी, अस्सलपणाचा माझा दावा नाही, माझं मेतकूट कोण नकली करणार? पण एक विचारते. घटक, तारीख, परवाना क्रमांक हे सगळं कोडातच घातलं तर पाकिटावर डिझाइनला जागा सुटेल. चालेल का?

गोळी_पुडी

नाही चालणार, ताई. घटक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, तारखा, वजन, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक पाकिटावर छापलेलाच हवा. कोड त्याला पर्याय नाही, वरचा जादा.

कानसेन

वरच्या विषयावर मला बोलायलाच हवं, कारण मला दिसत नाही आणि हा धागाही फोन मला वाचून दाखवतोय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एफएसएसएआयनं खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर क्यूआर द्यावा अशी सूचना काढली, ती आमच्यासारख्यांसाठी. कारण पाकिटावर कितीही बारीक आणि सुबक छापा, मला मीठ आणि साखरेची पाकिटं सारखीच. कोड टिपला की नाव, कधीपर्यंत खायचं, काय काय घातलंय, कशाची अ‍ॅलर्जी होऊ शकते हे ऐकता येतं. कल्पना उत्तम. आता अडतं कुठे ते सांगतो.

पहिलं, कोड आहे कुठे? गुळगुळीत पाकीट मी चारी बाजूंनी फिरवत बसतो, कॅमेरा समोर धरून. बायको म्हणते, आरती ओवाळताय का. कोडाच्या कोपऱ्याशी हाताला लागेल असा एखादा उंचवटा, नाहीतर त्या बाजूची कड कातरलेली, एवढं केलं तरी अर्धं काम झालं. सगळ्या पाकिटांवर तो एकाच ठिकाणी असावा, उदाहरणार्थ मागे उजवीकडे खाली. एकदा सवय झाली की हात आपोआप जातो.

दुसरं आणि मोठं. कोड टिपल्यावर जे उघडतं ते नव्वद टक्के वेळा चित्र असतं. सुंदर रंगीत पोस्टर, त्यात कृती लिहिलेली. माझा फोन म्हणतो 'इमेज' आणि गप्प. कृपा करून मजकूर टाइप करा. मराठीत टाइप केलेलं फोन मराठीत छान वाचतो. व्हिडिओ करणार असाल तर त्यात बोला. नुसतं संगीत आणि हात दाखवून 'आता हे एवढं घाला' म्हटलं तर केवढं ते आम्हाला कसं कळावं? दिसणाऱ्यांनाही त्याचा फायदाच आहे, पिठानं हात बरबटलेले असताना पडदा कोण वर-खाली करणार.

मेतकूटताई, तुम्ही हे केलंत तर तुमचं पहिलं पाकीट मी घेतो.

मेतकूट

कानसेनदादा, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. मी पोस्टरच करणार होते, भाचीनं डिझाइनही पाठवलं होतं. आता बोलूनच रेकॉर्ड करते. शाईचे डाग, पाकिटावर उंचवटा काढता येतो का?

शाईचे डाग

प्लास्टिकच्या पिशवीवर अवघड आणि महाग. पण वर कागदी लेबल लावणार असाल तर दाब देऊन ठिपका उठवता येतो. कमी नग असतील तर सोपं म्हणजे लेबलाचा तो कोपरा गोल कापायचा, बाकी तीन चौकोनी. डायकटिंग कुठल्याही प्रेसमध्ये होतं.

सुदामा_नगरी

घरावरच्या पाटीचं कुणी लिहिलं नाही. २०२५ मध्ये आमच्या सुदामा नगरात महापालिकेनं घरांवर क्यूआर पाट्या लावायचा प्रयोग सुरू केला, टपाल खात्याच्या डिजिपिनशी जोडलेला. डिजिपिन म्हणजे देशाचे साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दिलेला १० अक्षर-अंकांचा पत्ता. आमच्याकडे सेक्टर, गल्ली, घर नंबर यांची जी खिचडी आहे ती माहीत असलेल्यांना याचं महत्त्व कळेल. रात्री रुग्णवाहिकेला घर सांगताना दमछाक होते.

चष्मेबहाद्दर

आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीही पाटी टिपली की काय दिसावं? घराची जागा दिसली तर ठीक, तो पत्ता तसाही उघडाच आहे. पण नाव, फोन, कर भरलाय की नाही हे फक्त मालकाला, स्वतःच्या नंबरवर ओटीपी आल्यावरच दिसलं पाहिजे. भिंतीवरचा कोड म्हणजे सगळ्या गावासमोर ठेवलेलं दार आहे.

गल्लीतला_कोडर

काकांशी शंभर टक्के सहमत. हेल्मेटवर, मुलांच्या दप्तरावर, किल्लीच्या जुडग्यावर कोड लावणाऱ्यांनीही हे पाळावं. घरचा पत्ता थेट कोडात घालू नका. किल्ली हरवली आणि सोबत पत्ताही दिला, तर चोराला काही कामच उरलं नाही. 'सापडल्यास निरोप द्या' एवढा फॉर्म पुरे.

माळ्यावरची_पेटी

घरगुती उपयोग. आमच्या माळ्यावर खोकी आहेत, दिवाळीचे कंदील, रुखवताचं सामान, जुनी पुस्तकं, गौरीचे मुखवटे. प्रत्येक खोक्यावर कोड, तो टिपला की आतल्या सामानाचा फोटो आणि यादी. शिडीवर चढून झाकणं उघडायची नाहीत, खालूनच टिपायचं. त्यासाठी कोड तळहाताएवढा ठेवलाय.

दुसरा पाण्याच्या मोटरच्या स्टार्टरवर. नर्मदेचं पाणी येतं तेव्हा घरात नेमकं कुणीतरी नवखं असतं. टिपला की बाबांचा व्हिडिओ लागतो: कुठला व्हॉल्व्ह आधी फिरवायचा, हवा कशी काढायची, पाणी चढलं नाही तर मोटर लगेच बंद करायची. बाबा आता मुलाकडे पुण्याला असतात, पण फोन करून विचारावं लागत नाही. वायफायचा कोड तर दिवाणखान्यात फ्रेम करून लावलाय. फोनच्या वायफाय सेटिंगमध्येच तो तयार मिळतो. पाहुण्याला पासवर्डातला शून्य की ओ हे सांगत बसायला नको.

टपोरी_मोगरा

पेटीताई, स्टार्टरची कल्पना ढापतेय. आमच्याकडे शिलाई मशीनवर लावते, दोरा ओवायचा व्हिडिओ. नवीन मुलगी आली की रोज तेच शिकवावं लागतं. माळ्यावरच्या त्या पिशव्यांवरही स्वतःच्या डोमेनच्या कोडाचं स्टिकर चिकटवणार आहे.

मेतकूट

तर माझं असं ठरतंय. डोमेन घेतलाय. प्रत्येक पदार्थाला वेगळं पान, प्रत्येक पाकिटावर त्याच पदार्थाचा कोड. पानावर सगळ्यात वर दोन ओळींत प्रमाण, त्याखाली माझ्या आवाजात कृती, त्याखाली घटक टाइप करून, शेवटी पुढच्या खेपेसाठी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. घटक आणि तारखा पाकिटावर छापलेल्या राहतीलच. चष्मेबहाद्दर काकांसाठी प्रमाणाची ओळही पाकिटावरच छापते. लेबलाचा उजवा खालचा कोपरा गोल. काही राहिलं का?

चष्मेबहाद्दर

फोन नंबर ठेवा. काढू नका.

शाईचे डाग

कोड पाकिटाच्या शिवणीवर किंवा घडीवर येऊ देऊ नका. भाजणी भरली की पाकीट फुगतं आणि कोडाला पोक येतो. दोन-तीन पाकिटं आधी नमुना म्हणून काढून घ्या, पूर्ण भरा, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली घरातल्या सगळ्यात जुन्या फोननं टिपून बघा, तेलाचं बोट लावूनही. मगच हजाराची ऑर्डर द्या. तुमच्या छापखान्यातल्या मुलाला सांगा, ओव्हरप्रिंट बंद आहे ना ते बघ, नाहीतर काळा कोड खालच्या रंगावर चढतो. तो समजेल.

कानसेन

नमुन्यातलं एक पाकीट माझ्याकडे पाठवाल का? मी टिगरिया बादशाहकडे... नाही, पत्ता इथे नको, व्यक्तिगत निरोप करतो.